अकरा घरांची बारव

फाल्गुन लागला की हिवरदऱ्याचा माळ पिवळा होतो. हळदीचा पिवळा नव्हे, सोन्याचा तर नव्हेच. उन्हानं चघळून टाकलेल्या गवताचा, कुसळांचा, कोणाचीही भीडभाड न ठेवणारा करकरीत पिवळा.

पश्चिमेकडून वारा येतो. कुसळांच्या लक्षावधी शूलाग्रांवरून तो अनवाणी चालत जातो, आणि त्याच्या पावलापावलाला माळ शहारतो, निजतो, पुन्हा उठतो. तरवडाच्या शेंड्यावरून चंडोल सुटतो, उंच चढतो, आणि निळ्या, निरभ्र, निर्विकार नभातून गाण्याचे दाणे खाली सांडत राहतो. वेचायला कोणी नसतं.

माळाच्या पायथ्याशी हिवरदरे गाव. माळाच्या माथ्यावर डोळसाई देवी. आणि बाकीच्या त्या अफाट पठारावर, सरकारी कागदात लिहिल्याप्रमाणे, काही नाही. पडीक. खडक. वस्ती नाही, वाट नाही, पाणी नाही.

एका ओळीत तीन वेळा नाही. लिहिणाऱ्याचा हात एकदाही अडखळला नसावा.

त्या फाल्गुनात तो माळ खडीच्या क्रशरला द्यायचा घाट घातला गेला. शनिवारी ग्रामसभा, सभेत ठराव, ठरावामागून सुरुंग. "वर हायेच काय?" सरपंच दिनकरतात्या पारावर बसून म्हणत, आणि इतक्या ठामपणे म्हणत की ऐकणाऱ्याला माळाकडे मान वर करून बघावंसंही वाटू नये. देवीचं कसं, असं एका म्हातारीनं विचारलं. देवीला खाली आणू, फरशी घालू, वर पत्रा टाकू, असं उत्तर तयारच होतं. म्हातारीला फरशी पटली.

अंजिराबाईला पटली नाही.

अंजिराबाई साठीला टेकलेली, ठेंगणी, सावळी. बोटांच्या पेरांत जन्मभराचा खळीचा वास मुरलेली. तीस वर्षं तिनं जिल्ह्याच्या मोजणी कचेरीत, मागच्या अर्धप्रकाशी खोलीत, फाटके नकाशे मांजरपाटावर चिकटवले. मैद्याची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद म्हणजे वाळवी तोंड लावत नाही. ओला कागद, ओलं कापड, आणि वरून फिरणारा तळवा. डोंगर तिच्या तळव्याखालून गेले. नद्या तिच्या नखांजवळून वाहिल्या.

शाळा चौथीपर्यंत. नकाशा वाचायला तिला कोणी शिकवलं नाही, त्यामुळं कोणी चुकीचंही शिकवलं नाही. तपकिरी रेघा दाटीवाटीनं आल्या की कडा, पांगल्या की पठार. तुटक रेघ म्हणजे पायवाट. तांबडा ठिपका म्हणजे घर. निळं वर्तुळ म्हणजे पाणी. "रांगोळीच की सायेब," ती म्हणायची. साहेब हसायचे. साहेब बदलून जायचे. रांगोळी कळणारी बाई तिथंच राहायची.

नोकरी संपली त्या दिवशी, रद्दीत निघालेला एक नकाशा साहेबांनी तिला चिठ्ठी करून दिला. शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीचा. तिनंच, नोकरीच्या पहिल्या वर्षी, कापडावर चढवलेला. तेव्हा कडा सरळ येतात की नाही एवढंच ती धास्तावून पाहत होती. गावं पाहायची उसंत नजरेला नव्हती. आता घरी आणून तिनं तो ओसरीवर उलगडला आणि हिवरदरे शोधलं. हिवरदऱ्यावर माळ. आणि माळावर, जिथं काही नाही तिथं, अकरा तांबडे ठिपके. त्यांच्या उशाशी एक निळं वर्तुळ, नथीतल्या मोत्याहून लहान.

ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. बोट उचललं तर ते नाहीसं होईल असं तिला वाटलं.

कारण तिची आई, तानूबाई, जन्मभर हेच सांगत आली होती. आमचं गाव वर होतं. अकरा घरं होती. सात पायऱ्यांची बारव होती. आणि हिवरदरे जन्मभर तिला हसत आलं होतं. "आभाळातलं माहेर" म्हणत तिच्या माहेराला. पाणवठ्यावर, लग्नात, हळदीकुंकवात बायका विचारत, "तानूबाई, माहेरी जाताना शिडी कोन धरतंय गं?" तानूबाईही हसे. हसत हसत ती म्हातारी झाली, आणि एके दिवशी हसायची थांबली, बोलायचीही.

शनिवारी ठराव झाला की त्या माळाची खडी होणार. खडीचा रस्ता होणार. मग आई खोटी नव्हती हे सांगायला एक दगडही जागेवर उरणार नव्हता.

बुधवारी सकाळी अंजिराबाई निघाली. डोक्यावर पदर, काखेत नकाशा, ओच्यात लाकडी फूटपट्टी. दारात थोरली जाऊ उभी, गजराबाई. जिची जीभ तरवडाच्या काटकीसारखी, सदा हिरवी आणि सदा चिवट.

"कुटं निगाली स्वारी?"

"आजोळी."

"शिडी घेतलीस का?"

"न्हाई. हे घेतलंय." अंजिरानं नकाशा दाखवला.

"आगं बाई! मला वाटलं पोलक्याचं अस्तर."

आणि तीही पायात वहाणा सरकवून मागं निघाली. टोमणा मारायला माणूस जवळ लागतं.

नकाशात मापायला एकच खूण खात्रीची होती. माळाच्या माथ्यावर एक त्रिकोण, त्रिकोणात टिंब. अंजिरानं असे शेकड्यांनी त्रिकोण तळव्याखालून घातले होते. तिथून मोजणीची दुर्बीण फिरते, तिथं वर्तुळात टिंब कोरलेला खुणेचा दगड असतो, एवढं तिला ठाऊक होतं. पण माथ्यावर तसा दगड कुठं? माथ्यावर डोळसाई.

डोळसाई म्हणजे गुडघाभर उंचीची, शेंदूरचर्चित, तैलस्निग्ध, सरत्या ऋतूंना डोळा वटारून पाहणारी शिळा. शेंदराच्या थरांत खोल रुतलेला एकच वाटोळा डोळा. ज्यांना दिसत नाही ते तिला चांदीचे डोळे वाहतात. अंजिरा तिच्यापुढं वाकली, डोकं टेकलं, वर पाहिलं, आणि तिथंच थबकली. वाटोळं. त्याच्या मधोमध टिंब.

देवीचा शेंदूर त्या वर्षी फुटला होता, भेगाळला होता. असं झालं की देवीनं कवच सोडलं म्हणतात. मग गुरवानं ते उतरवायचं, देवीला आंघोळ घालायची आणि नवा शेंदूर चढवायचा. "म्हादूअण्णा, आजच घाला आंघोळ," अंजिरा म्हणाली. पंचाहत्तरीचा म्हादू गुरव तिच्याकडे, मग तिच्या काखेतल्या कापडाकडे पाहत राहिला. त्यानं तेल कोमट करायला ठेवलं.

देवीच्या आंघोळीला बायकांनी पाठ करायची, अशी रीत. गजराबाईनं पाठ केली. अंजिरानं केली नाही.

पापुद्रे निघाले. वर्षांवर वर्षं, नवसांवर नवस, तांबड्यावर तांबडं, खळकन निखळत गेलं. आतून आला एक काळाभोर घडीव दगड. त्यावर कर्कटकानं ओढावं तसं नेमकं वर्तुळ, मधे टिंब, आणि खाली छिन्नीची दोन इंग्रजी अक्षरं.

"कळलं न्हवं तुला?" गुरव अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

"कळलं, अण्णा."

"माझ्या बालाबी ठावं हुतं. सायबानं रवला, सायेब गेला. मान्सं आली आन् हात जोडून बसली. कुनी सांगायचं?" त्यानं दगडावरून हात फिरवला, म्हाताऱ्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "त्यातल्या चौगांना दिसायबी लागलं म्हंत्यात."

अंजिराला सरळ वाट समोर दिसत होती. देवी म्हणून तिला खाली हलवता येत होतं; मोजणीचा दगड म्हणून तिला कायद्यानं कोणी बोट लावू शकत नव्हतं. सभेत उठावं, एवढं एक वाक्य बोलावं, आणि क्रशर दारातूनच परत जावा.

गुरवानं ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं. "बोललीस तर माळ वाचंल, पोरी. पन माझ्या चार पिढ्या येड्या ठरतील. आन् ह्या समद्या बायाबी."

वारा कुसळांतून गेला. लांबवर पाठमोरी उभी गजराबाई खोकली. वेडी ठरवलेली एक बाई अंजिराच्या घरात होऊन गेली होती. एक पुष्कळ झाली.

"अण्णा, शेंदूर कालवा," ती म्हणाली.

तेव्हा गुरव बोलला, जे त्या गावात ऐंशी वर्षं कोणी बोललं नव्हतं. वरच्या वस्तीत पटकी आली. चार दिवसांत निम्मी माणसं गेली. उरली त्यांनी घरं उकलली, घरांचेच दगड बारवेत लोटले, आणि उतरताना भाक घेतली की त्या पाण्याचं, त्या गावाचं नाव कधी घ्यायचं नाही. नाव घेतलं तर रोग माग काढत खाली येईल. मोठ्यांनी घेतली, पोरांना दिली. "तुझी आय सा वर्साची, तापानं फणफणलेली. तिला भाक द्यायची ऱ्हायली. म्हनून ती येकटीच बोलायची." त्यानं शेंदरात तेल ओतलं. "जागा मला ठावं न्हाई. आसती तरी दावली नसती. बाला सबूद दिलाय. तू मोज. मोजायला कुनाची भाक न्हाई."

अंजिरानं फूटपट्टी लावली. त्या टिंबापासून निळं वर्तुळ थेट पूर्वेला, बरोबर एक इंच. इंचाला मैल. आपलं पाऊल तिनं आदल्या दिवशी डांबरी सडकेवर मापून ठेवलं होतं: मैलाला चोवीसशे. पूर्वेच्या निळसर डोंगराला एक खाच होती, नकाशातही होती. त्या खाचेवर नजर रोवून ती निघाली. मागं गजराबाई, ओच्यात चिंचोके. दर शंभरीला एक खाली टाकणार.

दोन बायका त्या पिवळ्या, प्रचंड, पोरक्या विस्तारातून चालल्या. एकीच्या ओठांवर आकडे, दुसरीच्या ओठांवर हसू.

तेविसावा चिंचोका पडला. चोविसावा पडला. आणि तिथं काही नव्हतं. कुसळं होती. एक टिटवी होती, ती अंगावर धावून आली, ओरडली, निघून गेली. अंजिरा डाव्या हाताला शोधत गेली, उजव्या हाताला शोधत गेली, पुढं गेली, ऊन डोक्यावर येईतो काट्यांत हिंडली. पायांतून रक्त आलं. बारव आली नाही.

"चल गं," गजराबाई म्हणाली. तिनं टोमणा मारला नाही, आणि तेच अंजिराला जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी, ओसरीवर कोवळं ऊन आलं तेव्हा, तिनं नकाशा पुन्हा उलगडला. त्याच्या पायथ्याशी मैलांची पट्टी छापलेली होती, सहा मैलांची. सहज, हाताला काही चाळा म्हणून, तिनं त्यावर आपली फूटपट्टी ठेवली. सहा मैल म्हणजे सहा इंच भरायला हवेत. छापील पट्टी पुढं गेली. ज्वारीच्या दाण्याएवढी पुढं गेली.

अंजिरा बघत राहिली. मग तिला पहिलं वर्ष आठवलं, आणि मागच्या खोलीतले हेड बाइंडर काझीचाचा, आणि त्यांची ती बोलणी. "अगं, कागद जिवंत असतो! जास्त भिजवलास की आडवा फुगतो, आणि फुगलेला चिकटवलास की जन्मभर तसाच राहतो." नव्या नोकरीच्या उत्साहात तिनं कागद घागरीनं न्हाऊ घातला होता. तिच्या त्या अडाणी, अधीर, ओल्या हातांनी अख्ख्या मुलखाला आडवं ताणलं होतं. आईचं गाव तिनंच पूर्वेला ढकललं होतं.

ती मोठ्यानं हसली. गजराबाई दारातून धावत आली, हातात भाकरीचं पीठ.

"काय झालं?"

"आक्का, कागद मैलाला साठ पावलं फुगलाय. काल आपन तेवढीच फुडं गेलो. हातात खुरपं घ्या."

साठ पावलं मागं घाणेरीचं रान होतं. दाट, उग्रगंधी, गुलाबी-पिवळ्या फुलांनी फसवं हसणारं. कालच्या चालीत त्या दोघी त्याला वळसा घालून गेल्या होत्या, लुगडी फाटतील म्हणून. आज त्या आत शिरल्या. खुरपी चालली. फांद्या पडल्या, मुळ्या तुटल्या, विंचू पळाला. आणि गजराबाईच्या खुरप्याखाली, मातीत, काहीतरी खण्णकन वाजलं.

पायरी. घासून गुळगुळीत झालेली, मधोमध किंचित खोल. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी कोरलेली, घडा भरून वर येणाऱ्या बायांच्या भारानं झिजलेली, निःसंशय, निर्विवाद पायरी.

गजराबाई मटकन खाली बसली. त्या दगडावर तिनं मातीचा हात ठेवला, दुसरा कपाळावर मारला. "तानूमावशे," ती म्हणाली, "चुकलं गं माझं." आणि मग ती जिवणी, जिनं चाळीस वर्षं शिडी विचारली होती, लहान पोरीसारखी वाकडी झाली.

दुपारपर्यंत हिवरदऱ्यात बातमी झाली. गजराबाईच्या जिभेला आता उद्योग मिळाला होता. दारोदार ती सांगत सुटली, आणि संध्याकाळच्या आत बायका घमेली घेऊन माळावर चढू लागल्या. कुणी बघायला, कुणी खणायला, कुणी सासूच्या कटकटीतून सुटायला.

पायऱ्या मोकळ्या होऊ लागल्या. जो दगड निघे तो हातोहात वर जाई, आणि वर जाता जाता ओळख सांगे. हा उंबरा. ही चौकटीवरची आडवी शिळा. हे अर्धं जातं, हे उखळ, ही तुळशीवृंदावनाची खालची बैठक. अकरा घरं त्या एका विवरात एकमेकांच्या मिठीत निजली होती. बायका त्यांना उचलून उन्हात ठेवत होत्या, अंगणात लेकरं ठेवावीत तशी. शुक्रवारी सहावी पायरी लागली. शनिवारी उजाडता सातवी. सातवीच्या खाली माती काळी होती, मऊ होती, आणि ती मुठीत धरली की बोटांतून वर येत होती.

शनिवार सभेचा. आधी बायकांची सभा, मग गावाची, आणि बायकांचा ठराव गावाच्या सभेपुढं मांडायचाच, असा कायदा. आणि तो हिवरदऱ्यात वहीत पाळला जाई. वही घरोघर फिरे, चुलीपाशी सही होई, सभा झाली. त्या शनिवारी वही घेऊन फिरणाऱ्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना चुली विझलेल्या दिसल्या. "बायका कुठं?" पुरुषांनी माळाकडे बोट केलं. भाऊसाहेब चढले. मागोमाग, धोतराचा सोगा सावरत, धापा टाकत, सरपंच.

बारवेच्या काठावर दोघं उभे राहिले. खाली पायऱ्यापायऱ्यांवर साठ-सत्तर बायका, मातीनं माखलेल्या, घामानं निथळलेल्या, ओचे खोचलेल्या.

"अंजिराबाई," दिनकरतात्या म्हणाले, "सभा चावडीत आसती."

"तुमची चावडीत. आमची हितं."

"बरं, वर या. बोलू."

"तुमी खाली या, तात्या. वहाना काढून."

कोणी हसलं नाही. तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. तिथं कुसळांखेरीज त्यांच्या बाजूचं कोणी नव्हतं. त्यांनी वहाणा काढल्या. एक पायरी उतरले, दुसरी उतरले. बायका सरकून वाट देत गेल्या. सातवीवरून पाय पुढं पडला तो घोट्यापर्यंत, सकाळपासून पाझरलेल्या गढूळ, गार पाण्यात. तात्या दचकले, मागं सरले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आगं, हे पटकीचं पानी! उगंच बुजवलं न्हवतं थोरांनी!"

पायऱ्यांवरच्या माना वळल्या. पटकीचं नाव बारवेवर कोणी काढलं नव्हतं. गुरवाकडून ते ऐकलेल्या अंजिरानंही नाही.

"म्हंजी ठावं हुतं तुमाला," गजराबाई सावकाश म्हणाली. "पारावर बसून 'वर हायेच काय' म्हनत हुता, तवा ठावं हुतं!"

 सरपंचांचे पाय ओले, मान खाली. इतके मोठे तात्या त्या पायरीवर एकाएकी सहावीतल्या चुकार पोरासारखे दिसू लागले.

"रोग ऐंशी वर्सांमागं मेला, तात्या," अंजिरा म्हणाली. "पानी तपासायला धाडू. प्यायचं का शेताला द्यायचं, ते मागनं बगू. पन पानी न्हाई म्हनायचं न्हाई." मग ती भाऊसाहेबांकडे वळली, जे वही उघडून तिसऱ्या पायरीवर बसले होते, आणि ज्यांच्या पँटीला पहिल्यांदाच या गावाची माती लागली होती. "लिवा. हा माळ क्रशरला द्यायचा न्हाई."

"कारण?" भाऊसाहेबांनी विचारलं, सवयीनं.

"हात घाला पान्यात, मग लिवा."

भाऊसाहेबांनी वाकून हात घातला. ओल्या बोटांनी लिहिलं. शाई पसरली, अक्षरं फुगली, तरी वाचता येत होती. मग त्यांनी घसा साफ केला आणि कायद्याच्या आवाजात म्हटलं, "माळ न देण्याच्या ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले.

बांगड्या एकदम कोपरांकडे घसरल्या, एकाच किणकिणत्या लोटानं, आणि पाषाणाच्या चारी भिंतींनी तो नाद झेलून वर उन्हात फेकला. काळे हात, कृश हात, गोंदलेले हात, भाजलेले हात, कोपरापर्यंत चिखलात बुडून आलेले हात. भाऊसाहेब मोजू लागले, मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. कोणी हात खाली घेतला नाही.

ऊन सरळ बारवेत उतरलं. एका मनगटावरून एक ओघळ निघाला, मातीतून वाट काढत आला, कोपराशी थांबला, थेंब झाला, थरथरला, सुटला, पाण्यात पडला. मग दुसरा. मग तिसरा. मग मोजता येईनात.